दमट हवेतील ड्रॅसिना : सिंगापूरच्या घरात या झाडाची निगा

सिंगापूरमध्ये भाड्याचे घर बदलले किंवा स्वतःचे नवे घर मिळाले की पहिल्या काही आठवड्यांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक उंच कुंडी येते. तीन कमी-अधिक उंचीची करडी खोडे, प्रत्येकाच्या शेंड्यावर अरुंद, टोकदार पात्यांचा झुबका आणि पात्यांना बारीक तांबडी किनार असे हे झाड ड्रॅसिना किंवा ड्रॅगन ट्री या नावाने ओळखले जाते. ते सोशिक आहे, कमी उजेडात तगते, आणि त्याला फारसे लक्ष लागत नाही. विक्रेता हे सर्व सांगतो आणि ते खरेही आहे. तरीही डिसेंबरची भारतवारी आटोपून परतलेल्या कित्येक कुटुंबांना याच झाडाचे मऊ पडलेले खोड आणि जमिनीवर पसरलेली पिवळी पाने पाहावी लागतात.

याचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसते. घरोघरी वाचली जाणारी निगेची माहिती लंडन किंवा शिकागो येथील हिवाळ्यासाठी लिहिलेली असते. तेथे घर तापवणाऱ्या यंत्रणेमुळे हवा कोरडी पडते, म्हणून पानांवर पाणी फवारावे, कुंडीखाली खडे घातलेल्या ताटलीत पाणी ठेवावे, असे सांगितले जाते. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश उत्तरेला, पहाटे नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता असलेल्या शहरात हाच सल्ला झाडाच्या मुळावर येतो.

नाव आणि गोतावळा

ड्रॅसिना हा शब्द ‘ड्रॅगनची मादी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. कॅनरी बेटांवरील ड्रॅसिना ड्रॅको आणि येमेनच्या सोकोत्रा बेटावरील ड्रॅसिना सिनाबारी या वृक्षांच्या सालीतून रक्तासारखी लाल राळ पाझरते. महाराष्ट्रातील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे हिरादखण ते हेच. मात्र या नावाखाली सुमात्राकडील वेतवर्गीय वनस्पतींची राळही विकली जाते. घरात ठेवल्या जाणाऱ्या जातींचा या व्यापाराशी काहीही संबंध नाही.

वर वर्णन केलेले तांबड्या किनारीचे झाड मूळचे मादागास्करकडील. दुकानांत त्याला अजूनही ‘मार्जिनाटा’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याची गणना ड्रॅसिना रिफ्लेक्सा या जातीचा एक प्रकार म्हणून करतात. याच जातीचे पिवळ्या काठाचे रूप ‘साँग ऑफ इंडिया’ या नावाने विकले जाते. नाव ऐकून भारतीय कुटुंबे ते आवर्जून घेतात, परंतु ते भारतातले नाही. त्याचे माहेर हिंदी महासागराच्या पश्चिमेकडील मादागास्कर, मॉरिशस ही बेटे होत. मक्यासारखी रुंद पाने आणि मधोमध पिवळा पट्टा असलेले ‘मसांजेआना’ हे आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातील ड्रॅसिना फ्रॅग्रन्स. चिनी नववर्षाच्या सुमारास घरोघरी येणारा ‘लकी बांबू’ हा बांबू नसून मध्य आफ्रिकेतील ड्रॅसिना सँडेरियाना आहे. स्नेक प्लँटही अलीकडे याच प्रजातीत गणला जातो, पण त्याला पाणी याहूनही कमी लागते; त्याचा विचार येथे केलेला नाही.

वाफसा हेच सूत्र

शेतीशी नाते राहिलेल्या मराठी माणसाला वाफसा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतील जादा पाणी निचरून जाते, मातीच्या कणांभोवती ओल राहते आणि कणांमधल्या पोकळीत पुन्हा हवा शिरते. ती स्थिती म्हणजे वाफसा. पेरणीसाठी शेतकरी तिचीच वाट पाहतो. ड्रॅसिनाच्या कुंडीत हीच स्थिती अधिकाधिक काळ टिकवणे, एवढेच या झाडाच्या निगेचे मर्म आहे.

मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. कोरड्या हवेत पानांतून बाष्प भराभर बाहेर पडते, त्यामुळे मुळे पाणी ओढत राहतात आणि कुंडी लवकर सुकते. दमट हवेत पानांतून पाणी सावकाश जाते, मातीच्या पृष्ठभागावरूनही ते हळूच उडते. त्यात घरातील उजेड बेताचा असेल तर झाडाची गरज आणखी कमी होते. परिणामी, शिकागोमध्ये आठवड्यात सुकणारी कुंडी सिंगापूरच्या बंद खोलीत तीन आठवडे ओली राहू शकते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, आणि अशा मुळांवर बुरशीवर्गीय रोगजंतूंना शिरकाव मिळतो. हीच मूळकूज.

मूळकुजीचा फसवा भाग असा की तिची वरून दिसणारी लक्षणे तहानेची असतात. मुळे कुजली की ती पाणी वर पोहोचवू शकत नाहीत; पाने मलूल होतात, खाली झुकतात, पिवळी पडतात. घरातील माणसाला वाटते, झाड सुकले. तो आणखी पाणी घालतो. उरलेली मुळेही मग कुजतात. म्हणून मलूल झाड दिसताच तांब्या उचलण्याआधी मातीत हात घालणे हा नियम कटाक्षाने पाळावा. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर तहान. माती ओली, कुंडी जड आणि तिला आंबूस वास असेल तर कूज.

पाणी केव्हा द्यावे याला वारांचे वेळापत्रक नाही. या शहरात त्यासाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे साते भाजण्याची बांबूची काडी. ती कुंडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत खुपसून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. बाहेर काढल्यावर काडीला ओलसर माती चिकटलेली असेल किंवा लाकूड गडद, गार लागत असेल तर थांबावे. कोरडी निघाली तर पाणी द्यावे, आणि द्यायचे तर खालच्या छिद्रांतून बाहेर येईपर्यंत पोटभर द्यावे. रोज अर्धी वाटी पाणी घालण्याची सवय वाईट, कारण त्यात वरचा थर सदैव ओला राहतो आणि मधल्या मुळांपर्यंत पाणी नीट पोहोचत नाही. साधारण २५ सेंटीमीटर व्यासाची कुंडी उजेडाच्या, उघड्या खिडकीच्या दिवाणखान्यात दहा-चौदा दिवसांनी पाणी मागते. एसी लावलेल्या, पडदे ओढलेल्या खोलीत हेच अंतर तीन आठवड्यांवर जाते. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत, निर्णय काडीचाच.

येथे हिवाळा नाही, दिवस वर्षभर जवळपास बारा तासांचा, त्यामुळे ‘थंडीत पाणी कमी करा’ हा सल्ला निरर्थक ठरतो. तरी डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मान्सूनच्या काळात सलग काही दिवस आभाळ भरलेले असते. त्या आठवड्यांत झाड कमी पाणी पिते, तर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या टप्प्यात ते जास्त पिऊ लागते.

माती आणि कुंडी

रोपवाटिकेतून येणारे झाड अनेकदा चिकट तांबड्या मातीत किंवा निव्वळ बारीक कोकोपीटमध्ये लावलेले असते. पहिली सुकली की विटेसारखी होते, दुसरे पाणी धरून बसते. दोन्ही घरात त्रास देतात. भरड कोकोपीट, झाडाच्या सालीचे बारीक तुकडे आणि प्युमिस किंवा येथील रोपवाटिकांत सर्रास मिळणारी भाजलेली माती यांचे साधारण समान भाग घेतले तर निचरा चांगला होतो. मिश्रण मुठीत दाबून सोडल्यावर त्याचा गोळा टिकू नये.

कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळावा. ‘वाढायला जागा हवी’ म्हणून लहान मुळांभोवती भरपूर माती ठेवली की ती माती सुकवणारे कोणीच नसते. मुळांच्या गड्ड्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटर रुंद कुंडी पुरे, आणि ती बदलण्याचे काम दोन-तीन वर्षांतून एकदाच करावे. दमट हवेत बिनरंगी मातीची कुंडी सर्वांत चांगली. तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर पडते. सजावटीच्या, तळाला छिद्र नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यात प्लास्टिकची कुंडी ठेवण्याची पद्धत दिसायला देखणी, पण आत किती पाणी साचले आहे ते बाहेरून कळत नाही. तशी ठेवलीच तर पाणी देताना आतली कुंडी बाहेर काढून न्हाणीघरात न्यावी आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवावी.

खताच्या बाबतीत हात आखडता असलेला बरा. हळूहळू विरघळणाऱ्या दाणेदार खताच्या पाकिटावर लिहिलेली मुदत सहसा २१ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून दिलेली असते. तीस अंशांच्या आसपास ते बरेच आधी संपते, म्हणजे तेवढ्याच काळात जास्त खत सुटते. निम्मी मात्रा पुरेशी होते.

उजेड, एसी आणि पानांची टोके

खिडकीपासून एक-दोन मीटरवरचा भरपूर पण अप्रत्यक्ष उजेड ड्रॅसिनाला मानवतो. विषुववृत्ताजवळ खिडक्यांचे गणित भारतापेक्षा थोडे वेगळे असते. साधारण मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य आकाशाच्या उत्तर भागातून जातो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतही जूनमध्ये थेट ऊन येते. डिसेंबरमध्ये ते दक्षिणेकडून येते. पश्चिमेचे दुपारचे ऊन मात्र बाराही महिने कडक. त्यात पात्यांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात. उजेड फारच कमी पडला तर किनारीची लाली फिकी होते, पाने अरुंद व लांबट येतात आणि खोड खिडकीकडे कलते. दर पंधरवड्याला कुंडी पाव वळसा फिरवली की झाड सरळ राहते. नव्या घरी आणल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खालची काही पाने गळणे स्वाभाविक आहे. शेंडा ताजा असेल तर चिंतेचे कारण नाही.

एसी हे झाडाचे शत्रू आहे, असा समज आहे. तो अर्धाच खरा. एसीच्या खोलीतील माफक कोरडी हवा ड्रॅसिनाला सहज चालते. चालत नाही तो थेट अंगावर येणारा गार झोत. कुंडी झोताच्या मार्गातून हलवली की काम भागते. त्यासाठी पानांवर पाणी फवारण्याची गरज नाही. दमट, कोंदट जागी शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिले तर फ्युजेरियम बुरशीचे तांबूस-तपकिरी, पिवळ्या कडेचे ठिपके उमटतात. पाने स्वच्छ ठेवायची तर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत. शेजारच्या देशांतील वणव्यांचा धूर शहरावर येतो त्या दिवसांत थोडी अधिक वेळा.

पात्यांची टोके तपकिरी होणे ही या झाडाबद्दलची सर्वांत सामान्य तक्रार. कधी ती पाण्याच्या अनियमिततेमुळे असते, पण येथे आणखी एक कारण संभवते. ड्रॅसिना फ्लोराइडच्या बाबतीत फार हळवे आहे आणि सिंगापूरच्या नळाच्या पाण्यात दातांच्या आरोग्यासाठी अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळलेले असते. माणसाला ते उपकारक. या झाडाच्या पात्यांत मात्र ते टोकांकडे साठत जाते आणि तेथील पेशी मरतात. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने फ्लोराइड उडून जात नाही. उकळल्यानेही जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. साध्या कोळशाच्या गाळणीचाही फारसा उपयोग नाही. आरओ यंत्राचे पाणी चालते. त्यासाठी वेगळा खर्च करण्यापूर्वी दोन सोपे उपाय करून पाहावेत. सुपर फॉस्फेट असलेली खते टाळावीत, कारण त्यांतही फ्लोराइड असते. आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी तिच्यातून सावकाश वाहू देऊन साचलेले क्षार धुऊन काढावेत. करपलेली टोके कात्रीने पात्याच्या आकाराला धरून कापता येतात. कापताना तपकिरी भागाची बारीक रेघ ठेवावी. हिरव्यात कापले तर नवी कड पुन्हा करपते.

बशीतले पाणी

कुंडीखालची बशी हा सिंगापूरमध्ये केवळ बागकामाचा विषय नाही. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि येथील उष्णतेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो. कोरड्या बशीच्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून बशी नुसती ओतून चालत नाही. ती घासावी लागते. राष्ट्रीय पर्यावरण संस्थेचे निरीक्षक घरात येऊन तपासणी करतात आणि डासांची पैदास आढळल्यास दंड होतो. तीच संस्था नागरिकांना कुंडीतील घट्ट झालेली माती भुसभुशीत करण्याचाही आग्रह धरते, कारण पृष्ठभागावर थर बसला की पाणी वरच साचून राहते. ड्रॅसिनाच्या मुळांनाही नेमके हेच हवे असते. लकी बांबूच्या भांड्यातील पाणी एक दिवसाआड बदलावे, भांडे आतून घासावे आणि मुळे धुवावीत.

कुंडी घराबाहेरच्या सामायिक मार्गिकेत ठेवायची असेल तर आपत्कालीन सुटकेसाठी १.२ मीटर रुंदीची वाट मोकळी राहिली पाहिजे. कठड्यावर तर कुंडी कधीच ठेवू नये.

घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. ड्रॅसिनाच्या पानांत सॅपोनिन वर्गातील द्रव्ये असतात. ती खाल्ल्यास या प्राण्यांना उलट्या, लाळ गळणे, मरगळ असा त्रास होतो आणि मांजरांच्या बाहुल्या विस्फारतात. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी गृहसंकुलांत मांजर पाळण्यास अधिकृत मुभा मिळाल्याने ही बाब आता अधिक घरांना लागू होते.

हवा शुद्ध करण्याच्या दाव्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की १९८९ मधील नासाचा प्रसिद्ध अभ्यास लहान, बंद पेट्यांत झाला होता. खऱ्या खोलीत तसा परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे नंतरच्या विश्लेषणातून दिसून आले. झाड आवडते म्हणून ठेवावे.

महिनाभराच्या सुट्टीपूर्वी

शाळांना नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून सुट्टी लागते आणि मराठी कुटुंबे तीन-चार आठवड्यांसाठी पुणे, नागपूर, कोल्हापूर गाठतात. या काळात झाडे दगावतात ती बहुधा अतिकाळजीने. जाण्याआधी घाईने कुंडी बदलली जाते, खताचा शेवटचा मारा होतो, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन ‘दोन दिवसांआड थोडे पाणी घाला’ असे सांगितले जाते. सज्जन शेजारी सांगितलेले काम चोख करतात. घर बंद, हवा कोंडलेली, बाहेर मान्सूनचे ढग, आणि कुंडीत दोन दिवसांआड पाणी : मूळकुजीला यापेक्षा अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही.

निरोगी, मुळे धरलेले ड्रॅसिना पाण्याशिवाय तीन-चार आठवडे काढू शकते. निघण्याच्या आदल्या दिवशी पोटभर पाणी द्यावे, पूर्ण निथळू द्यावे, बशी काढून घासून उपडी ठेवावी. कुंडी थेट उन्हापासून दूर, पण उजेड येईल अशा ठिकाणी सरकवावी. अंधाऱ्या न्हाणीघरात कोंडू नये. आतल्या खोल्यांची दारे उघडी ठेवली तर हवा थोडी खेळती राहते. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचीच असेल तर तिच्यासोबत साते काडी द्यावी आणि काडी कोरडी निघाल्याखेरीज पाणी घालू नये, असे स्पष्ट सांगावे. परतल्यावर चार पाने पिवळी दिसली तरी बॅगा उघडण्याआधी पाण्याचा मारा करू नये.

कीड

बंद घरातून परतल्यावर आढळणारी दुसरी गोष्ट म्हणजे पानांच्या बेचक्यातील कापसासारखे पांढरे पुंजके. हा पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर सौम्य अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढावा. जास्त असेल तर साबणाचे सौम्य द्रावण पानांच्या दोन्ही बाजूंना लावून तासाभराने धुवावे आणि आठवड्याच्या अंतराने तीनदा हे करावे. खोडावरची खवले कीड नखाने खरवडून निघते. सतत एसीत असलेल्या झाडावर लाल कोळी अधिक दिसतो. पाने निस्तेज, बारीक ठिपक्यांची होतात आणि उजेडात धरल्यास तलम जाळी दिसते.

खोड मऊ लागले तर

कुजलेले झाड सगळेच वाया गेलेले नसते. खोड खालपासून वरपर्यंत बोटांनी दाबून पाहावे. टणक भाग जिवंत. जेथे साल सैल होऊन सरकते किंवा बोट आत जाते तो भाग मेलेला. झाड कुंडीतून काढून माती झटकावी. काळी, मऊ, हाताने ओढताच साल सोडणारी मुळे कापून टाकावीत. टणक, फिकट पिवळी किंवा नारिंगी छटेची मुळे निम्म्याहून अधिक असतील तर झाड लहान कुंडीत, कोरड्या ताज्या मिश्रणात लावून दोन-तीन दिवसांनी पहिले पाणी द्यावे.

खोडाचा तळच गेला असेल तर छाटकलमाचा मार्ग उरतो. अल्कोहोलने पुसलेल्या धारदार सुरीने टणक भागात, आतला गर स्वच्छ फिकट दिसेपर्यंत काप घ्यावा. शेंड्याचा पंधरा-वीस सेंटीमीटरचा तुकडा आणि उरलेल्या निरोगी खोडाचेही तेवढेच तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याची वरची बाजू कोणती ते खडूने लगेच लिहून ठेवावे, कारण पाने नसलेला तुकडा उलटा खोचला तर तो रुजत नाही आणि नुसते पाहून वर-खाली ओळखता येत नाही. तुकडे सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यावेत, मग निथळत्या मिश्रणात पाच-सात सेंटीमीटर खोल खोचावेत. पाण्याच्या बाटलीतही मुळे फुटतात, पण तेथे पुन्हा डासांचा प्रश्न आहे. सिंगापूरच्या उबेत मुळे धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुकडा हलकेच ओढल्यावर त्याने धरून ठेवले की मुळे आली असे समजावे. पहिले नवे पान पूर्ण उलगडेपर्यंत खत देऊ नये.